बोलण्याचा पगार

लोकेश बोरसेला सरकार बोलण्याचा पगार देणार, ही बातमी पारोळ्याच्या मोटार रिवाइंडिंगवाल्यांच्या गल्लीत पोचली, तेव्हा दोन दिवस तिथे काम कमी आणि हसणं जास्त झालं. कारण त्या गल्लीत सगळ्यांत कमी बोलणारा माणूस तोच होता. गिऱ्हाईक पंपाची जळालेली मोटार घेऊन आलं, की लोकेश ती उघडायचा, आत बघायचा आणि बोटं वर करायचा. तीन बोटं म्हणजे तीन दिवसांनी या. भाव विचारला, तर भिंतीवरच्या पाटीकडे मान वळवायचा. शेजारचा बेअरिंगवाला सुपडू म्हणायचा, "याच्यापेक्षा याची मोटार जास्त बोलते."

पगार हा शब्द गल्लीचा. कागदावर त्याला गृहसंगोपन मानधन म्हटलं होतं आणि योजनेचं नाव होतं 'बोलतं घर'. त्यामागची हकीकत अशी.

लोकेश आणि कांचनची मुलगी रेवा जन्मापासून बहिरी होती. तिच्या कानात आवाज पकडणाऱ्या पेशी होत्या, धडधाकट होत्या. पण पकडलेला आवाज नसेच्या हवाली करणारं एक प्रथिन तिच्या शरीरात बनतच नव्हतं. दारात पोस्टमन उभा आहे, हातात पत्र आहे, पण पत्र आत टाकायची फट बुजलेली आहे, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. ते प्रथिन बनवणारं जनुक आता बाहेरून घालता येत होतं. जनुक लांबलचक, एका विषाणूच्या कवचात मावत नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन निरुपद्रवी कवचांत भरायचे आणि सुईने आतल्या कानात सोडायचे. पेशीच्या आत गेल्यावर दोन्ही तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि प्रथिन तयार व्हायला लागतं. रेवा चौदा महिन्यांची असताना ही सुई दिली गेली. सहाव्या आठवड्यात एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या रेवाने मान वळवली. कांचन तिथेच ओट्याला टेकून रडली. लोकेशने गॅस बंद केला, पुन्हा लावला, आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.

त्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी पुढची गोष्ट सांगितली.

"कान झाला, पण ऐकणं अजून व्हायचंय," ते म्हणाले. "मेंदूत आवाजासाठी जी जागा असते, ती पहिली तीनचार वर्षं वापरली नाही, तर तिथे बाकीची कामं घुसतात. मग कान कितीही चांगला असला, तरी तिला शब्द म्हणजे नुसता गोंगाट वाटेल."

"मग दिवसभर गाणी लावून ठेवतो," लोकेश म्हणाला.

"त्याने काही होत नाही. तेच तर संशोधनात सापडलंय. स्पीकरवरून हजार शब्द ऐकवले तरी मेंदू ते सोडून देतो. मूल ज्याच्याकडे बघतंय, त्याच वस्तूबद्दल, त्याच क्षणी, जिवंत माणसाने बोलावं लागतं. तिने हुंकार दिला, बोट दाखवलं, की दोन सेकंदांच्या आत तुमचं उत्तर. मग पुन्हा तिचं काहीतरी. ही एक फेरी. अशा दिवसाला चारशे फेऱ्या झाल्या, तर चार वर्षांची होईपर्यंत ती इतर मुलांसारखी बोलेल."

दिवसाला चारशे फेऱ्या म्हणजे एका माणसाने दुसरं काही करायचं नाही. सुईचा खर्च सरकारनेच केला होता, आणि बोलणाऱ्या माणसाअभावी तो वाया जातो, हे पहिल्या दोनेक वर्षांत सरकारच्या लक्षात आलं होतं. म्हणून ही योजना. आईबापांपैकी एकाने दोन वर्षं घरी राहायचं आणि त्याच्या बुडालेल्या कमाईबद्दल सरकारने दरमहा मानधन द्यायचं. मुलाच्या कपड्यावर एक बटणाएवढा बिल्ला लागायचा, तो फेऱ्या मोजायचा. तीन महिने सरासरी फारच खाली राहिली, तर वेळ हातची जाऊ नये म्हणून मुलाला नाशिकच्या निवासी केंद्रात नेत. तिथे शिकवलेल्या बायका होत्या, त्या दिवसभर बोलत. आईबापांनी रविवारी भेटायला जायचं.

कांचन वीज उपकेंद्रात ऑपरेटर होती. नोकरी कायमची, आणि दोन वर्षांची रजा मिळत नव्हती. लोकेशचं दुकान त्याचं स्वतःचं. निर्णयाला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अर्जावर सही करताना मात्र त्याचा हात थांबला.

"मला जमेल का?" त्याने विचारलं.

"बोलायचंच तर आहे," कांचन म्हणाली. ती नाशिकची, चार भावंडांत वाढलेली. बोलण्यात अवघड काय असतं, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

पहिला महिना लोकेशने पेपर वाचून दाखवण्यात घालवला. रेवाला समोर बसवून तो बाजारभाव, अपघात, क्रिकेट असं सगळं मोठ्याने वाची. रेवा त्याच्या चपलेचा बंद ओढत बसे. दुपारी पेपर संपला, की तो तिला आकडे म्हणून दाखवी. चार वाजता कांचन पाळी संपवून घरी येई, मोबाइलवर बिल्ल्याचा आकडा बघे आणि पोरीला उचलून घेई. दिवसभरात नव्वद फेऱ्या. कांचन आल्यापासून रेवा झोपेपर्यंतच्या तीन तासांत शंभर.

"तू तिच्याशी बोलत नाहीस लोकेश," एकदा ती म्हणाली. "तू तिला ऐकवतोस. ती चपलेकडे बघतेय, तर चपलेबद्दल बोल ना."

"चपलेबद्दल काय बोलणार?"

कांचनला हसू आलं, पण तिने ते गिळलं. कारण तो खरंच विचारत होता.

तो मुळात असा नव्हता. आठ वर्षांचा होईपर्यंत तो तापीकाठच्या एका खेड्यात वाढला होता आणि त्याची आई म्हणायची, याच्या तोंडाला झाकण नाही. मग आई तापाने गेली आणि त्याला नाशिकला आत्याकडे पाठवलं. शाळेच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी विचारलं, वही कुठे आहे. तो म्हणाला, "घर राही गयी," म्हणजे घरी राहिली. वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, वाईट हेतूने नाही. पण पुढे वर्षभर पोरांनी त्याला त्याच तीन शब्दांनी हाक मारली. तेव्हापासून तो प्रत्येक वाक्य तोंडात आल्यावर आधी आतल्या आत तपासून घेऊ लागला. तपासता तपासता बोलायची वेळ निघून जाई, मग ते वाक्य तो सोडून देई. वीस वर्षांत ही सवय इतकी मुरली, की लोकांना तो त्याचा स्वभाव वाटला, आणि त्यालाही.

दुसऱ्या महिन्यात नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवरची मोटार जळाली. गल्लीतले बाकीचे दोघे कारागीर लग्नाला गेलेले. सुपडू घरी येऊन म्हणाला, "लोक्या, दोन तास दे, सगळ्या वॉर्डाचं पाणी बंद आहे." लोकेशने रेवाला कडेवर घेतलं आणि दुकान उघडलं. तिला लाकडी पेटीवर बसवून त्याने मोटार खोलली. आतली तांब्याची तार काळी पडली होती, जळक्या वार्निशचा वास सुटला. रेवा पुढे वाकली. तिने एक बोट त्या तारेला लावलं, बोट काळं झालं. तिने बोटाकडे बघितलं आणि मग बापाकडे बघितलं.

"हाई तार शे," लोकेश म्हणाला. "बळी गयी."

ही तार आहे, जळून गेली. पण हे तो म्हणाला अहिराणीत, आईच्या बोलीत, आणि तपासून न बघता म्हणाला. रेवाने घशातून एक आवाज काढला. त्याने तिला तारेचा एक न जळालेला तुकडा दाखवला, लालसर तांबूस, आणि तो कसा चमकतो ते सांगितलं. तिने तो तोंडात घालायला घेतला, त्याने तिला दटावलं, ती हसली, त्याने पुन्हा दटावलं. मोटार बांधून झाली तेव्हा दोनच्या जागी चार तास होऊन गेले होते, आणि आपण त्यातला एक क्षणही गप्प नव्हतो हे लोकेशच्या लक्षातही आलं नाही. सुपडूच्या आलं. तो आपल्या दारात हातातलं बेअरिंग तसंच धरून ऐकत उभा होता.

त्या दिवसापासून बापलेक रोज थोडा वेळ दुकानात जाऊ लागले. काम नसेच, मानधनाच्या अटीत ते बसतही नव्हतं. पण नट, बोल्ट, पंख्याची पाती, जुने पट्टे यांच्यावर रेवाचा जीव जडला होता. ती एकेक वस्तू आणून त्याच्या मांडीवर ठेवी आणि तोंडाकडे बघत राही. आणि त्याला प्रत्येक वस्तूबद्दल काहीतरी सांगायचं असे. आईचं बोलणं त्याच्या आत कुठेतरी सगळं शाबूत होतं. आंघोळ घालताना ती काय म्हणायची, भाकरी फुगली की काय म्हणायची, सगळं. संध्याकाळी दमून घरी येताना त्याला वाटे, दिवसाउजेडी आपल्या पोरीसोबत असं बसायला मिळतंय, ही केवढी चैन. त्याच्या बापाला असे दिवस कोणी दिले नव्हते.

आकडा मात्र खाली गेला. नव्वदचे साठ झाले.

"दुकानात घेऊन जातोस आणि आपल्या कामाला लागतोस," कांचन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "खरं सांग."

"बोलतो मी तिच्याशी."

"साठ, लोकेश. सकाळपासून साठ."

आकडा खोटं बोलत असेल, असं त्याच्या मनात आलं नाही. यंत्रं त्याने आयुष्यभर उघडून बघितली होती आणि मीटर चुकल्यापेक्षा माणूस चुकल्याचंच त्याने जास्त वेळा बघितलं होतं. आपल्याला वाटतं तेवढं आपण बोलत नसू, असं त्याने धरून चाललं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पत्र आलं. केंद्रात जागा राखून ठेवली आहे, पंधरा दिवसांत मुलीला आणावे, त्याआधी योजनेच्या वाणीतज्ज्ञ एकदा घरी येऊन जातील. कांचनने ते दोनदा वाचलं आणि रेवाचे फ्रॉक विनाकारण पुन्हा घड्या घालून ठेवले.

वाणीतज्ज्ञ आल्या त्या शमीम तडवी. यावलकडच्या, पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. मुलांना बोलायला शिकवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. त्यांनी चहा नको म्हटला, कोपऱ्यात खाली बसल्या आणि म्हणाल्या, "लोकेशभाऊ, मी इथे नाही असं समजा. रोज जे करता ते करा."

लोकेशने त्यांना दुकानात नेलं. पहिली दहा मिनिटं तो अवघडला. मग रेवाने एक गंजकी पुली आणून त्याच्या मांडीवर आदळली आणि तो शमीमताईंना विसरला. अर्धा तास झाला असेल. सुपडूच्या दुकानावरून एक मांजर उडी मारून पत्र्यावर गेलं. रेवाने हात वर केला आणि स्पष्ट म्हणाली, "दख."

लोकेशने वर बघितलं. आई त्याला असंच म्हणायची. बघ.

"काय म्हणाली ती?" शमीमताईंनी विचारलं.

"बघ म्हणाली."

"याआधी म्हणाली होती?"

"नाही. पहिल्यांदा." तो तसाच बसून राहिला होता. रेवा पुन्हा म्हणाली, "दख," जरा रागाने, कारण तो मांजराकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होता.

शमीमताईंनी मोबाइल काढला, बिल्ल्याचा अर्ध्या तासाचा आकडा बघितला. चार. त्यांनी चष्मा वर केला आणि पुन्हा बघितला.

"भाऊ, तुम्ही शाळेला जायच्या आधी घरी काय बोलायचात?"

"अहिराणी."

"मी तडवी बोली बोलायचे. मला आधीच कळायला हवं होतं." त्यांनी बिल्ला रेवाच्या फ्रॉकवरून काढून तळहातावर घेतला. "याला रस्त्यावरचा गोंगाट आणि टीव्ही वगळावा लागतो. म्हणून ऐकलेले शब्द हा आपल्या आतल्या भाषांशी जुळवून बघतो. मराठी आहे, हिंदी आहे, उर्दू, गुजराती आहे. जे जुळत नाही ते तो गोंगाटात टाकतो. तुमचे जे शब्द मराठीसारखे आहेत तेवढेच त्याने मोजले. म्हणून शून्य आलं नाही, आणि म्हणून आमच्यापैकी कोणाला शंकाही आली नाही."

"आवाज ऐकून बघता आला असता ना?"

"हा आवाज साठवत नाही. घरातलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून तो फक्त आकडा पाठवतो. नियम चांगला आहे. पण त्यामुळे तुम्ही तीन महिने काय बोललात, हे जगात कोणालाच माहीत नाही. तुम्ही आणि ही सोडून."

संध्याकाळी कांचनला हे कळलं तेव्हा ती व्यवहाराचं बोलली. पंधरा दिवस शुद्ध मराठी बोल, आकडा वर आण, पोरगी घरात राहील, मग पुढचं पुढे. लोकेशलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने सुरुवात केली. रेवाने पाना आणला. पान्याला काय म्हणायचं, हा आहे म्हणायचं की हे आहे, हे त्याच्या डोक्यात जुळेपर्यंत दोन सेकंद कधीच निघून गेले. रेवाने पाना खाली टाकला आणि दुसरीकडे बघितलं. असं दिवसभर. तिसऱ्या दिवसापासून तिने वस्तू आणणंच बंद केलं. पेटीवर बसून ती स्वतःच्या बोटांशी खेळू लागली. आकडा होता सत्तर.

चौथ्या दिवशी कांचनने सुट्टी घेतली होती. तिने दारातून बापलेकींना बघितलं, आत आली आणि लोकेशच्या शेजारी बसली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझं तू बोल."

"आणि केंद्र?"

"मी शमीमताईंना फोन केलाय. लग्न झाल्यावर तू एकदा फोनवर काकाशी तसा बोलत होतास. मी म्हटलं होतं, आपल्या मुलांसमोर असं गावठी नको. आठवतं?"

"नाही," लोकेश म्हणाला. त्याला आठवत होतं.

शमीमताई दुसऱ्याच दिवशी आल्या, त्या तीन दिवस राहायच्या तयारीने. हातात एक साधा टिचक्या मारून मोजायचा काउंटर, मांडीवर वही. सकाळी रेवा उठल्यापासून झोपेपर्यंत त्या मोजत बसत. रेवाचं बघणं, लोकेशचं उत्तर, रेवाचा हुंकार, टिचकी. पहिल्या दिवशी पाचशे चाळीस. दुसऱ्या दिवशी सहाशेच्या वर. तिसऱ्या दिवशी त्यांचा अंगठा सुजला आणि कांचनने त्यांना हळद लावून दिली.

योजनेच्या कार्यालयाने त्यांचा अहवाल ठेवून घेतला आणि नियम पुढे केला. बिल्ल्याच्या आकड्याशिवाय मुदत वाढत नव्हती. अपवाद एकच होता. एखाद्या तज्ज्ञाने लिहून द्यायचं, की मुलाची वाढ खुंटली तर जबाबदारी माझी. शमीमताईंनी ते लिहून दिलं. दोन महिने मिळाले. त्या दोन महिन्यांत बिल्ल्याला अहिराणी शिकवायची, आणि त्यासाठी किमान पन्नास माणसांचं बोलणं लागणार होतं. नुसतं बोलणं नव्हे, लहान मुलाशी बोलणं, कारण मुलाशी बोलताना माणसाचा सूरच बदलतो.

"मूल आपल्याकडे आहे," शमीमताई म्हणाल्या. "माणसं तुम्ही गोळा करा."

पन्नास अनोळखी माणसांच्या दारात जाऊन काय हवंय ते सांगायचं, याची लोकेशला मोटारीच्या शॉकपेक्षा जास्त धास्ती होती. त्याने सगळं एका कागदावर नीट लिहून काढलं, म्हणजे नुसता कागद पुढे करता येईल. रेवाला घेऊन त्याने पहिलं घर धरलं शेजारच्या गावातल्या कोकिळाआजीचं. आजी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. तिने कागद उलटासुलटा बघितला आणि त्याला परत दिला. चष्मा खाली राहिला, म्हणाली, काय ते तोंडाने सांग.

लोकेशने सुरुवात केली. कानातली फट, सुई, कुकरची शिट्टी, बिल्ला, नाशिकचं केंद्र. मग आई. मग शाळेतली वही. हे त्याने कांचनलाही कधी सांगितलं नव्हतं. बोलून झालं तेव्हा ऊन तिरकं झालं होतं, आणि आजीने एका हाताने रेवाला ओल्या बिबड्याचा गोळा भरवत भरवत तिच्याशी गप्पाही सुरू केल्या होत्या. या कामापुरत्या दिलेल्या, आवाज साठवणाऱ्या बिल्ल्यावर ध्वनिमुद्रणाची हिरवी खूण लागलेली होती. त्यासाठी संमतीचा अंगठा आजीने आधीच देऊन ठेवला होता, लोकेशचं अर्धं ऐकूनच.

"तुन्हं नाव काय शे?" आजी रेवाला विचारत होती. "भूक लागनी का?"

पुढची घरं आजीनेच जोडून दिली. तिची बहीण, तिच्या बहिणीची विहीण, पिठाच्या गिरणीवरच्या बायका, मारुतीच्या पारावरचे म्हातारे. पारोळ्याच्या गल्लीत सुपडू सगळ्यांत आधी येऊन बसला आणि रेवाशी अर्धा तास बेअरिंगच्या जातींवर बोलला. शहरात नोकरीला असलेली काही पोरं गावी आली होती, ती आधी लाजली. आम्हाला आता नीट येत नाही म्हणाली. रेवाने त्यांच्या हातात वस्तू ठेवल्यावर त्यांनाही यायला लागलं. पन्नास मागितले होते, एकशे बारा मिळाले. कोणीही पैसे मागितले नाहीत आणि रिकाम्या हाताने कोणी पाठवलं नाही. घरी येताना लोकेशच्या स्कूटरला कधी शेवग्याच्या शेंगा लटकत, कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी.

मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना सुधारलेला बिल्ला आला. शमीमताईंनी तो स्वतः आणून रेवाच्या फ्रॉकला लावला. त्या दिवशी चार वाजता कांचन घरी आली, तेव्हा तिने मोबाइल उघडला आणि लोकेशसमोर धरला. सहाशे एकवीस. लोकेशने मान हलवली आणि आत जाऊन पाणी प्यायला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"अजून एक आहे," शमीमताई म्हणाल्या. "मी जुनी यादी काढायला लावली. या जिल्ह्यांतून गेल्या वर्षी सात मुलं केंद्रात गेली. त्यातल्या तिघांच्या घरी अहिराणी बोलतात. तिघांच्याही आईबापांना आपण कमी पडलो असं सांगितलं गेलं होतं." त्यांनी वही बंद केली. "तिघंही पुढच्या आठवड्यात घरी येतील. मानधन मागच्या तारखेपासून."

लोकेशला काहीतरी बोलायचं होतं. वाक्य आलं, त्याने ते तपासलं नाही. "ताई, तुम्ही पहिल्या दिवशी दहा मिनिटांत उठून गेला असतात, तर आम्ही आयुष्यभर माझीच चूक समजलो असतो."

"मीही तुमचीच समजले असते," शमीमताई म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्या.

योजनेची दोन वर्षं पूर्ण झाली त्या महिन्यात लोकेशने दुकान पुन्हा पूर्णवेळ उघडलं. रेवा आता साडेतीन वर्षांची होती. बापाशी अहिराणीत बोलायची, आईशी मराठीत, आणि सुपडूशी जी आधी तोंडात येईल तीत. त्याच दरम्यान साक्रीहून एक बाई दुकान विचारत विचारत आली. नाव अर्चना, सोबत सासू आणि चार वर्षांची मुलगी पूर्वा. केंद्रातून घरी परतलेल्या त्या तीन मुलांपैकी पूर्वा ही एक.

लोकेशने घाईघाईने बाकावरचं सामान बाजूला केलं. कांचनला उपकेंद्रातून यायला अजून वेळ होता, म्हणून चहा सुपडूने आणला.

"केंद्रातल्या बाया चांगल्या होत्या," अर्चना म्हणाली. "खोटं कशाला सांगू, त्यांनी हिला फार जपलं. पण पाच महिने आम्ही रविवारी जायचो आणि परत यायचो. गाडीत आम्ही नवराबायको एकमेकांशी बोलायचो नाही. मी विचार करायची, मी दिवसभर हिच्याशी बोलत होते, मग ते गेलं कुठं?"

"मलाही तसंच वाटायचं," लोकेश म्हणाला.

"तुमचे आभार मानायला आले. बोलता येत नाही मला नीट."

लोकेश हसला. "मलाही येत नव्हतं. आणि माझे कशाला? ज्यांनी बोलून दिलं ती एकशे बारा माणसं आहेत. त्यांच्या नावांची वही आहे माझ्याकडे, सांगाल त्या दारात नेतो. आणि सरकारने मला दोन वर्षं घरी बसवलं नसतं, तर मी रेवाला ओळखलंही नसतं."

सासूने आणलेला खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचा डबा त्याच्या हातात दिला. बोलणं तिथे थांबलं, कारण आतून आवाज यायला लागला होता. रेवा आणि पूर्वा टेबलाखाली शिरल्या होत्या आणि पितळेच्या एका मोठ्या नटावर दोघींचा हात पडला होता.

"मन्हं शे," पूर्वा म्हणत होती.

"नाही. मन्हं शे."

"मी पहिले दखं."

आवाज चढत गेले. रेवाने बापाला हाक मारली, पूर्वाने आजीला. बाहेर अर्चनाने हातातली बशी बाकावर ठेवली आणि पदर तोंडाशी धरला. सुपडूने आपल्या दुकानातला चालू पंखा बंद केला. आत दोघी कडाकडा भांडत होत्या, एकीला दुसरीचं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं आणि दुसरी त्याला पहिल्या सेकंदातच उत्तर देत होती. मोठी माणसं चौघंही जागच्या जागी ऐकत राहिली. त्या दोघींना गप्प करायला कोणीही उठलं नाही.